चर्चा: अख्ख्या घराला आधार दिला की मूल सुरक्षित होतं का?

सह्याद्री
इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारने, २०१५ पासून मुलांच्या सुरक्षेची पद्धत बदलली. आधी सोशल वर्कर मुलाकडे बघायचे. आईचं व्यसन, बापाची मारहाण यासाठी वेगळ्या ऑफिसचे उंबरे झिजवावे लागायचे. आता व्यसन, घरगुती हिंसा, मानसिक आरोग्य यांची जाणकार माणसं त्यांच्याच टीममध्ये असतात. २०१७ च्या मूल्यमापनात अशा घरांतल्या हिंसेच्या पोलिसांकडे येणाऱ्या घटना सुमारे दोन तृतीयांशाने घटलेल्या दिसल्या. मला हाच रस्ता योग्य वाटतो. मूल घरातून काढलं की मार थांबतो, पण आजी, भावंडं, शाळा सगळंच तुटतं.

कातळशिल्प
हा आकडा मला पटत नाही. परिस्थिती अगदी चिघळली की मगच घर कौन्सिलकडे येतं. त्यानंतरच्या वर्षात घटना थोड्याफार कमी होणारच, मदत मिळो वा न मिळो. तशाच दुसऱ्या घरांशी तुलना केल्याशिवाय श्रेय कोणाला देणार? शिवाय ‘किती मुलं घरीच राहिली’ हे यश धरलं, तर धोक्यातलं मूल घरी ठेवणंही यशातच जमा होतं. इंग्लंडमधल्या सोलिहल गावच्या सहा वर्षांच्या आर्थर लॅबिन्जो-ह्यूजला जून २०२० मध्ये बापाच्या जोडीदारिणीने जिवे मारलं. दोन महिने आधी सोशल वर्कर त्या घरी जाऊन, काळजीचं कारण नाही असं ठरवून परतले होते. मोठ्यांना समजून घेता घेता लेकरू नजरेआड होतं, ही माझी खरी भीती आहे.

लीड्सवाली
ती भेट झाली कशामुळे? आजीने त्याच्या अंगावरचे काळेनिळे डाग कळवले म्हणून. काकाने पोलिसांना फोटो पाठवले. त्यांचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. बाप आणि त्याची जोडीदारीण एवढंच कुटुंब मानलं, तिथे घात झाला!

आणि तुलना झाली आहे. न्यूझीलंडच्या १९८९ च्या कायद्यातून आलेली कुटुंब बैठक घ्या. आजी-आजोबा, मामा, आत्या एकत्र बसतात, अधिकारी खोलीबाहेर थांबतात, मुलाचं पुढे काय करायचं ते घरचे ठरवतात. इंग्लंडमध्ये प्रकरण कोर्टात जाण्याआधी काही घरांना अशी बैठक दिली, काहींना नाही. निवड सोडतीसारखी, कोणाच्या मर्जीवर नाही. वर्षभराने बैठकवाल्या घरांतली ३६ टक्के मुलं सरकारी देखभालीत होती, बाकीच्यांतली ४५ टक्के.

कातळशिल्प
चाचणी चोख आहे, पण माप पुन्हा तेच. जी मुलं घरी राहिली त्यांना मार बसतो का? रात्री झोप लागते का? हे मुलाला एकट्याला बसवून विचारलेलं मला त्या आकड्यात दिसत नाही. तीन वर्षांनी त्याच घराची फाईल पुन्हा उघडली का, तेही मोजा. तोवर देशभर हीच पद्धत लावायला माझा विरोध आहे.

लीड्सवाली
मुलाला विचारा, तीन वर्षं मोजा, दोन्ही मान्य. पण तोवर बैठका बंद ठेवल्या, तर त्या तीन वर्षांत जी मुलं परक्या घरी जातील त्यांच्या आजीला कोण विचारणार?