वर्गात ससा ठेवला की मुलं दयाळू होतात?

पाचवीची बाई
काल इथे एकांनी लिहिलं, "भूतदयेचे धडे कसले शिकवता? वर्गात एक ससा नाहीतर मासा आणून ठेवा, मुलं आपोआप हळवी होतील." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं तेव्हापासून ठिकाणावर नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या वर्गात ससा होता. रोज प्रत्येकाला तो एकदा तरी मांडीवर हवा असायचा. सशाला पळून जीव वाचवायची सवय. जमिनीवरून उचललं की त्याच्या लेखी त्याला कुणीतरी धरलं. तो अंग आखडून, कान पाठीला चिकटवून, डोळे फाडून बसायचा आणि मुलं म्हणायची, "बाई, किती शहाणा आहे, त्याला आवडतंय." मीसुद्धा हो म्हणायचे. एक दिवस त्याने मागचे पाय जोरात झाडले आणि तो एका मुलाच्या हातातून सुटला. सशाच्या मागच्या पायांत जेवढी ताकद, तेवढाच पाठीचा कणा नाजूक. कणा मोडला होता. डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं. तो मुलगा कितीतरी दिवस स्वतःचे तळवे बघत बसायचा. त्याला मी कोणती दया शिकवली, ते सांगा.

गणितवाला
बाई, वाचून वाईट वाटलं. पण एका अपघातावरून सगळ्यांनाच नको म्हणायचं? काल लिहिणारा मीच. ज्या मुलाने जनावराला कधी हातच लावला नाही, त्याला पुस्तकातून माया कशी येणार? माझी मुलगी मुंगी दिसली तरी किंचाळायची. वर्गात मासा आला, खाणं घालायची पाळी तिच्यावर आली आणि ती बदलली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि अभ्यासक्रम आधीच ओसंडून वाहतोय, त्यात आणखी एक विषय कोण घेणार?

जुना मास्तर
माशाचं मी सांगतो. गोल काचेचं भांडं, फिल्टर नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, थोड्या पाण्यात तोच साचतो आणि त्याचेच कल्ले भाजून काढतो. नीट ठेवला तर गोल्डफिश दहा वर्षं सहज काढतो. आमच्या शाळेतला काही आठवड्यांतच गेला. मुलं यायच्या आत शिपायाने तसाच दुसरा आणून सोडला, मुलांना सांगायचं तोच आहे म्हणून. मी त्यात सामील होतो. एका मुलीने विचारलं, "सर, याच्या शेपटीवरचा ठिपका कुठे गेला?" मी तिला गप्प बसवलं. वीस वर्षं झाली, अजून बोचतं.

दोन मुलींचा बाप
सगळे सशा-माशांवर बोलताय, कुत्र्यांचं कोण बोलणार? "कुत्रा आपला मित्र" असं शाळेत रंगवून घेतलं. धाकटी सहा वर्षांची. शेजारच्यांचा पाळलेला कुत्रा खात होता, हिने जाऊन गळ्यात हात टाकले. गालाला सात टाके. मला शाळेत दया नको, भीती शिकवा.

रानपाखरू
भीती शिकवली की मूल पळतं, आणि पळणाऱ्याच्या मागे कुत्रा लागतोच.

दोन मुलींचा बाप
तुम्हा प्राणीप्रेमींचं हेच. टाके माझ्या लेकीला पडले आणि चूकही तिचीच!

रानपाखरू
दादा, तिची चूक आहे असं मी म्हटलेलं नाही. माझं वाक्य तुटक झालं, माफ करा. तिला कुणी शिकवलंच नाही, हे म्हणायचं होतं. कुत्रा चावण्याआधी सांगतो: तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभया देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, अंग ताठ करतो. लहान मुलांना हे दिसत नाही. दात विचकलेला कुत्रा त्यांना हसल्यासारखा वाटतो, हे अभ्यासांतही दिसलंय. खाणाऱ्या, झोपलेल्या, पिलांजवळच्या कुत्र्याकडे जायचं नाही. अंगावर आला तर झाडासारखं उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली. हे पहिलीतच शिकवता येतं.

दवाखान्यातली ताई
यात माझी भर, कारण हे रोज बघते. मुलं चावा लपवतात. "तू कशाला गेलास तिथे" म्हणून मार बसेल, या धाकाने. घरच्यांना कळतं तेव्हा जखमेवर खपली धरलेली असते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि ५ ते १४ वयाची मुलं याला वारंवार बळी पडतात. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटं धुवायची आणि लगेच लसीसाठी जायचं. नखाचा ओरखडा असला तरी. आणि मुलाला आधी जवळ घ्या, रागवायचं असेल तर नंतर रागवा. भीतीच शिकवलीत, तर मूल तुम्हालाही घाबरून गप्प बसेल.

दोन मुलींचा बाप
१५ मिनिटं धुवायचं मला माहीत नव्हतं. आम्ही नुसता रुमाल दाबून पळालो होतो. लस झाली, ती बरी आहे. पण एवढी माहिती शाळेकडून का आली नाही, हा माझा राग कायम आहे.

गणितवाला
विषय कुत्र्यांवर गेला. माझा प्रश्न तसाच आहे: प्राणी समोर नसताना माया येणार कशी?

पाचवीची बाई
समोर असावाच, पण त्याच्या जागी. ससा गेल्यावर आम्ही खिडकीबाहेर पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. मुलं आतून बघतात, हात लावायचा नाही. कोणता पक्षी आधी इकडे-तिकडे बघतो, कोण भांड्यात उतरतो, कोण काठावरूनच पितो, हे वहीत लिहितात. परवा एक मुलगी दुसरीच्या कानात म्हणाली, "हलू नको, त्याचं अजून पिऊन झालं नाही." याला वेगळा तास लागत नाही. भाषेच्या वहीतच होतं.

आणि तपासायची कसोटी कधीचीच तयार आहे. १९६५ साली ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीने शेतातल्या जनावरांसाठी विचार मांडला, त्यातून पुढे पाच मोकळीका ठरल्या: भूक-तहान, गैरसोय, दुखणं आणि भय यांपासून सुटका, आणि आपल्या जातीसारखं वागायची मुभा. वर्गातला पिंजरा त्यांतल्या किती पुऱ्या करतो, ते मुलांनाच मोजू द्या. हॅमस्टर, तो उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, रात्री जागणारा. आपण त्याला भरदिवसा, घंटेच्या गोंगाटात उठवतो.

जुना मास्तर
उबवणीचं यंत्रही यात घ्या. २१ दिवस मुलं कोंबडीच्या अंड्यांपाशी डोळे लावून बसतात, पिल्लं निघतात, टाळ्या. मग त्यातली साधारण निम्मी नर असतात, त्यांचं काय होतं, हे एकाही शाळेत कुणी मला सांगितलेलं नाही.

गणितवाला
बरं. पिंजऱ्याचं मी मागे घेतो, माशाचं नाही. चांगली मोठी टाकी, फिल्टर आणि सुट्टीतही बघणारं कुणीतरी असेल तर मासा असावा, यावर मी ठाम आहे. मात्र आमच्या शाळेत गोल भांडंच आहे. लेकीला आज विचारलं, सुट्टीत त्याला खायला कोण घालतं. तिला माहीत नव्हतं. मलाही नाही. उद्या जाऊन विचारतो.