शब्दचर्चा : ‘ड्रॅग फ्लिक’ म्हणजे फटका?

प्रश्न : ‘हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवर जोरदार फटका मारून गोल केला’ असे वाक्य हॉकीच्या बातम्यांत नेहमी दिसते. (पेनल्टी कॉर्नर म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी.) पण तो तर ड्रॅग फ्लिक करतो. त्याला फटका म्हणावे का? नसेल तर मराठीत काय म्हणावे?

– म्हणू नये. फटक्यात स्टिक आधी मागे जाते आणि मग चेंडूवर आदळते. ड्रॅग फ्लिकमध्ये आदळणे नाहीच. ‘डी’च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर थांबवलेल्या चेंडूला स्टिक टेकते, खेळाडू गुडघ्यात खोल वाकतो, चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा आत ओढत आणतो आणि शेवटी मनगटाने सोडतो. आवाज येतो तो थेट गोलमधल्या फळीचा!

शिवाय नियमही वेगळे. पेनल्टी कॉर्नरवर पहिलाच हिट (फटका) असेल तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिमीपेक्षा, म्हणजे फळीपेक्षा, वर असून चालत नाही. फ्लिकला हे बंधन नाही. तेव्हा ‘पहिलाच फटका वरच्या कोपऱ्यात, गोल!’ असे लिहिले तर तो गोल नियमातच बसत नाही. मी ‘भिरकावणे’ सुचवेन. गोफणीतला दगडही असाच आधी ओढ घेतो, मग सुटतो.

– भिरकावण्यात बेफिकिरी आहे हो. आपण कागदाचा बोळा भिरकावतो. नेमाचे काय?

– गोफणीचा नेम शेतातल्या पाखरांना विचारा! पण मुद्दा मान्य. मथळ्यात ‘ड्रॅग फ्लिक’च ठेवावे, क्रियापद म्हणून भिरकावणे वापरावे.

– यात थोडा इतिहासही आहे. १९२८ ते १९५६ अशी सलग सहा ऑलिंपिक सुवर्णे आपल्या संघाने गवतावर मिळवली. त्या खेळाला चकवा, हुलकावणी हे शब्द सहज बसले, कारण खो-खो आणि कबड्डीमुळे ते तोंडात होतेच. १९७६ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. ड्रॅग फ्लिक ही त्या गुळगुळीत मैदानाची कला. उसळत्या गवतावर चेंडू असा ओढत नेऊन पाहा! त्यामुळे तिला आपल्याकडे तयार शब्द नाही. जुगराज सिंग, संदीप सिंग यांच्यापासून ती आपल्या संघाचे मुख्य हत्यार झाली. पॅरिसला (२०२४) स्पेनला २-१ हरवून कांस्य मिळाले, ते दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवरचेच.

– विषय निघालाच आहे तर, ‘पेनल्टी कॉर्नरचे गोलमध्ये रूपांतर केले’ हे कानाला खुपते. जुने वार्ताहर ‘कॉर्नर सत्कारणी लावला’ लिहीत. देह, पैसा, वेळ सत्कारणी लावतो, तसाच कॉर्नर.

– सुंदर! मग हुकलेल्या कॉर्नरला काय, ‘वाया घालवला’?

– प्रत्येक वेळी नको. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध आपली ५-४ अशी आघाडी असताना शेवटच्या काही सेकंदांत त्यांना कॉर्नर मिळाला होता. जर्मनीने तो वाया घालवला असे लिहिले तर गोलपोस्टसमोर उभा राहिलेला आपला गोलरक्षक श्रीजेश वाक्यातून गायब होतो. तिथे ‘अडवला’च लिहायला हवे.