मदत हवी आहे: सार्वजनिक उद्यानात पिक्सेल लायटिंग, पहिल्यांदाच करतोय, साधारण २४०० दिवे

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातून लिहितेय. आमच्या भागातल्या उद्यानात यंदा त्रिपुरारी पौर्णिमेपासून नाताळ-नवीन वर्षापर्यंत प्रोग्रॅमेबल लायटिंग करायचं चाललंय, म्हणजे नुसत्या माळा सोडून मोकळं व्हायचं नाही तर एकेक दिवा वेगळा पेटवता-विझवता येईल असं (असल्या दिव्यालाच पिक्सेल म्हणतात). आमचं मंडळ दरवर्षी नरकासुर आणि आकाशकंदील करतं त्यामुळे मोटर, पुली, वेल्डिंग, वायरिंगला हात लावणारी पोरं आहेत, एक आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, एकजण इंजिनिअरिंगला आहे त्याला आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) येतं, मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. पण एवढ्या मोठ्या जागेत पिक्सेलचं काम आमच्यापैकी कोणीच केलेलं नाही. तेव्हा शिगम्याच्या चित्ररथावर, गणपतीच्या देखाव्यात, लग्नाच्या स्टेजवर, कुठेही ज्यांनी हे केलंय त्यांनी सामान मागवायच्या आधी आमचा हिशेब जरा तपासून द्या.

आधी काय करायचंय ते सांगते, कारण सगळे प्रश्न त्यावरूनच निघतात. दणादण रंग बदलणारं डीजेवालं लायटिंग आम्हाला नकोय. आपल्याकडे देवळात दिवजां होतात ना, बायका हातात पेटलेली दिवजं घेऊन रांगेने देवळाभोवती फिरतात, ती चाल आम्हाला बागेच्या वाटेवर आणायची आहे. वाट गोल आहे, साधारण १२० मीटर. दर मीटरला मातीचं एक दिवज ठेवायचं, त्यात पाच वातींच्या जागी पाच पिक्सेल, म्हणजे ६०० झाले. दिवजं जागेवरच राहणार, उजेड तेवढा एका दिवजातून पुढच्या दिवजात सरकणार, माणूस हळू चालतो त्या वेगाने. शिवाय आठ माडांना प्रत्येकी १००, ते ८००. आणि मधोमध जुना वड आहे त्याच्या पारंब्यांबरोबर खाली सोडलेल्या २० माळा, प्रत्येकी ५० दिव्यांच्या, ते १०००. एकूण २४००.

आता मुख्य घोळ, ५ व्होल्ट की १२ व्होल्ट. आम्ही १२ मिलिमीटरच्या बुलेट पिक्सेलची (बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दिवे) ५० ची माळ मागवून बघितली, डब्ल्यूएस २८११ चिपवाली, ५ व्होल्टची. पूर्ण पांढरा लावला तर एक पिक्सेल साधारण ६० मिलिअँप खातो, तिन्ही रंगांचे २०-२०. एक माळ लावली तोवर ठीक होतं, दुसरी जोडली आणि शाळेच्या व्हरांड्यात पसरून बघितली तर सुरुवातीचे दिवे पांढरे आणि शेवटाकडचे पिवळट, मग चक्क तांबूस. कारण कळलं, निळ्या आणि हिरव्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लालला २ पुरतात, व्होल्टेज पडलं की निळा आधी मान टाकतो. मुलांना शिकवायला याहून चांगला प्रयोग मिळणार नाही, पण बागेत हे चालायचं नाही.

बागेच्या मध्यावर जुना बँडस्टँड आहे, पॉवर सप्लाय तिथेच ठेवायचा विचार आहे कारण वर छप्पर आहे आणि लोकांचा हात पोचत नाही. तिथून वाट साधारण २० मीटर. २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली तर किलोमीटरला साधारण साडेसात ओहम, जाऊन-येऊन ४० मीटर म्हणजे ०.३ ओहम, आणि ५ अँप ओढले तर दीड व्होल्ट वाटेतच गेला. ५ मधून दीड गेला तर उरतं काय, १२ मधून गेला तर साडेदहा उरतात आणि काम भागतं. म्हणून मन १२ कडे चाललंय. पण १२ व्होल्टच्या ज्या बुलेट आम्हाला मिळतायत त्यात आत रेझिस्टर आहे, करंट तेवढाच आणि वरचे व्होल्ट नुसते उष्णतेत जातात. २४०० पिक्सेल पूर्ण पांढरे लावले तर ५ व्होल्टला ७२० वॅट, १२ व्होल्टला १७२८. अर्थात पूर्ण पांढरं आम्ही कधीच लावणार नाही, दिव्याचा पिवळसर केशरी रंग आणि ३० टक्के ब्राइटनेस, अंधारात तेवढा भरपूर दिसतो. तरीही सप्लाय किती मोठा घ्यायचा, ३० टक्क्यांच्या हिशेबाने की पूर्ण लोडच्या? डब्ल्यूएलईडीमध्ये (दिवे चालवायचं सॉफ्टवेअर) करंटची लिमिट घालता येते हे माहीत आहे, पण सॉफ्टवेअरच्या भरवशावर वायर बारीक घ्यावी हे मला पटत नाही. प्रत्येक फीडला (सप्लायमधून दिव्यांकडे जाणाऱ्या वायरला) वेगळा फ्यूज टाकायचा हे आम्ही नक्की केलंय.

दुसरं कंट्रोलर, म्हणजे कुठला दिवा कधी पेटायचा ते ठरवणारा डबा. लायटिंगवाले सगळे टी-१०००एस सांगतात, एसडी कार्डात प्रोग्रॅम टाका आणि विसरून जा. स्वस्त आहे, टिकाऊ आहे, पण वाट, माड आणि वड असे तीन वेगळे लावले तर तिघांची वेळ एकमेकांशी जुळून राहणार कशी? आमच्यात उजेड वाटेवरून चालत वडापाशी पोचला की पारंब्या उजळायच्या आहेत, तिथे दोन सेकंदांचा फरकसुद्धा दिसेल. दुसरा रस्ता म्हणजे ईएसपी ३२ (वायफायवाला छोटा बोर्ड) वर डब्ल्यूएलईडी, आणि मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर सगळ्यांना एका वेळेत चालवणारा फाल्कन प्लेयर, डिझाइन एक्सलाइट्स या सॉफ्टवेअरमध्ये. एक्सलाइट्स फुकट आहे आणि त्यात बागेचा फोटो मागे ठेवून त्यावर दिवे मांडता येतात, म्हणून एक पैसा खर्च करायच्या आधी वाटेवरची चाल आम्ही स्क्रीनवर बघून घेतली. नवीन करणाऱ्या कोणालाही हे आधी करा असंच सांगेन.

पण वायफायची भीती वाटते. सुटीच्या दिवशी बागेत शेकडो फोन असतात, त्या गर्दीत २.४ गिगाहर्ट्झवर डेटा अडखळला तर दिवे झटके मारणार. ई१.३१ ने (नेटवर्कवरून दिव्यांचा डेटा पाठवायची पद्धत) पाठवायचं तर एका युनिव्हर्सला (डेटाच्या एका गठ्ठ्याला) १७० पिक्सेल, म्हणजे आमचे १५ युनिव्हर्स. इथरनेटवाले ईएसपी बोर्ड घेऊन कॅट ६ केबल ओढली तर १०० मीटरपर्यंत काळजी नाही असं वाचलंय. कोणी बाहेर, पावसात, जमिनीवरून अशी केबल ओढलीय का? पाइपातून घ्यावी लागेल ना?

एका डेटा लाइनवर किती पिक्सेल ठेवायचे त्याचं गणित जमलंय बहुतेक. एका पिक्सेलला २४ बिट, ८०० किलोहर्ट्झने ३० मायक्रोसेकंद, १००० पिक्सेल ओळीने लावले तर एक फ्रेम पोचायला ३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ३३ च्या वर फ्रेम नाहीत. म्हणून ४००-५०० च्या वर एका लाइनीत घालणार नाही. पण बोर्डाचा डेटा ३.३ व्होल्टचा आणि बँडस्टँडपासून पहिलं दिवज २० मीटरवर, तिथपर्यंत सिग्नल धड पोचायला काय करता? ७४एएचसीटी१२५ (सिग्नलचं व्होल्टेज वाढवणारी चिप) लावून ५ व्होल्ट केले तर पुरे की आरएस-४८५ ची (लांबवर सिग्नल नेणाऱ्या चिपांची) जोडी लागतेच?

आणि फेडिंग. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. उजेड एका दिवजातून दुसऱ्यात जाताना दोन सेकंदांत अलगद मावळायला हवा आणि पुढचा तसाच उगवायला हवा. पण डब्ल्यूएस २८११ मध्ये एका रंगाला २५५ पायऱ्या, ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणला की त्यातल्या ७६ च उरतात, आणि अगदी मंद असताना एकेक पायरी डोळ्याला दिसते, दिवा मावळत नाही तर टप्प्याटप्प्याने विझतो. यूसीएस ८९०३ सारखी १६ बिटवाली चिप यासाठी असते म्हणे, कोणी वापरलीय का? की पूर्ण ब्राइटनेस ठेवून उजेड दिवजाच्या मातीवर आपटवून कमी करावा? मला दुसरं जास्त आवडेल, मातीवर पडलेला उजेड फार मऊ दिसतो.

सेफ्टीबद्दल आम्ही कडक आहोत. बाग मुलांची आहे, दव पडलेल्या गवतावर अनवाणी फिरतात, त्यामुळे २३० व्होल्ट बँडस्टँडच्या बाहेर येणारच नाही. ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा), एमसीबी (जास्त भार आला की तोडणारा), वेगळं अर्थिंग, आणि कनेक्शन परवाना असलेल्या वायरमनकडूनच. पण आपली चिऱ्याची जमीन, पावसात अर्थिंग छान मिळतं आणि डिसेंबरात जमीन सुकली की रेझिस्टन्स चढतो. नाताळापर्यंत ते ठीक राहावं म्हणून रॉड किती खोल घालता, पाणी घालत राहता की काय?

परतीच्या पावसाचाही भरवसा नाही, दिवाळीतसुद्धा कोसळतो. डबे पूर्ण सील केले तर आत बाष्प धरतं, म्हणून खाली बारीक भोक आणि वायर डब्यात शिरायच्या आधी खाली झोल देऊन, असं करणार आहोत. किनाऱ्याकडच्या लोकांनी सांगा, जॉइंटना ग्रीस भरता की सिलिकॉन? मुंग्या आणि पाली आत शिरू नयेत म्हणून काय लावता?

झाडांना खिळा मारायचा नाही हे पहिल्या बैठकीतच ठरलं. सुंभाने सैल बांधणार. माडांवर पाडेली (नारळ पाडणारा) चढवून आधी नारळ आणि वाळलेली चुडतं (झावळ्या) उतरवून घ्यायची, कारण एक चुडत वरून आलं तर माळ तुटतेच आणि खाली कोणी असेल तर त्याचंही खरं नाही. वडाचा वरचा भाग काळोखातच ठेवणार, तिथे वटवाघळं येतात. पारंब्यांवरचा उजेड माणसाच्या उंचीच्या थोडा वर थांबेल, आणि रात्री १० ला सगळं बंद. मंडळातल्या काहींना पूर्ण झाड उजळायचं होतं, पण ज्या झाडाच्या जोरावर आपण हे करतोय त्यातल्या जिवांना पिटाळून शोभा आणायची नाही, यावर मी अडून बसले आणि शेवटी सगळे तयार झाले.

अपडेट: इतक्या पटापट उत्तरं दिल्याबद्दल मनापासून आभार. १२ व्होल्ट घ्या सांगणारे दादा, तुमचं ऐकतोय, आणि सप्लाय पूर्ण लोडच्या हिशेबानेच घेणार, एक मोठा नाही तर चार-पाच लहान, कुठल्याही सप्लायवर ८० टक्क्यांच्या वर भार नाही. प्लस वेगवेगळे ठेवायचे आणि मायनस सगळ्यांचे एकत्र, हे तुम्ही सांगितलंत ते फार कामाचं होतं.

ज्या ताईंनी विचारलंय की पहिल्याच वर्षी २४०० कशाला, त्यांचं म्हणणं काल बैठकीत वाचून दाखवलं. यंदा वाट आणि वड एवढंच करायचं, १६०० पिक्सेल, माड पुढच्या वर्षी. पाइप मात्र माडांपर्यंत आताच पुरून ठेवणार, बाग दोनदा खणायला नको. सामान मुंबईहून लोहार चाळीतून आणायचं की ऑनलाइन, त्यावर अजून वाद चाललाय, पण सगळे पिक्सेल एकाच लॉटचे घ्या हे लक्षात ठेवलंय, नाहीतर रंगात फरक पडतो आणि लाल-हिरव्याचा क्रमही बदलून येतो.

आता एकच गोष्ट घाईची आहे. दिवजं डिचोलीच्या कुंभाराकडून करून घ्यायची आहेत आणि त्यांना माप द्यायचंय. पिक्सेल १२ मिलिमीटरच्या भोकात घट्ट बसतो, पण माती सुकताना आणि भाजताना आकसते, तर ओल्या मातीत भोक किती मिलिमीटरचं पाडायला सांगू? १३ पुरेल की १४ सांगू? आणि भाजलेली माती पाणी शोषते, तेव्हा वायर जिथून बाहेर येते तिथे काही लावावं लागेल का? मातीकाम जाणणाऱ्या कोणी असाल तर प्लीज सांगा. पाऊस जरा कमी झाला की ते भट्टी लावणार आहेत, त्याआधी नमुन्याची दोन-तीन दिवजं भाजून बघायची आहेत.