‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ : अर्थ लिहिणाऱ्याचा की वाचणाऱ्याचा?

दापोलीचा मास्तर
दहावीला सूचनालेखन शिकवताना या वेळी पुस्तकातला नमुना बाजूला ठेवला आणि हवामान खात्याचा खरा इशारा फळ्यावर लिहिला. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’ तीन तुकड्यांचं वाक्य, पण वर्गात त्याचे डझनभर अर्थ निघाले. ‘तुरळक’ म्हणजे काय विचारलं, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, “म्हणजे दुसरीकडे.” सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते डोक्यात घोळत राहिलं. प्रत्येक वाचक ‘तुरळक’मधून स्वतःचं गाव वगळतो. रेड अलर्ट म्हणजे शाळेला सुट्टी, यावर मात्र वर्गाचं एकमत.
माझं मत असं की खातं फक्त शब्द पाठवतं, अर्थ किनाऱ्यावर ठरतो. पटतंय का?

पर्जन्यमापक
मुळीच नाही. मी वेधशाळेच्या नोकरीतून निवृत्त झालोय, म्हणून थोडं तिखट लिहितो. ही कविता नाही, मास्तर. ‘तुरळक’ म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. समुद्र खवळलेला म्हणजे लाटा अडीच ते चार मीटर. लिहिणाऱ्याने एकेक शब्द मोजून घातलाय. वाचणाऱ्याला मोजमाप माहीत नाही, तर ते त्याने शिकावं. ‘दुसरीकडे’ हा अर्थ नव्हे, चूक आहे. चुकीला अर्थ म्हणायला लागलो तर इशारा द्यायचाच कशाला?

गुहागरचा बागायतदार
साहेब, मोजमाप शिकलो, पुढे? जुलैत आमच्याकडे ६५ मिलिमीटर पडला तर कोणी छत्रीसुद्धा बदलत नाही. तुम्ही त्याला मुसळधार म्हणता कारण तो आकडा साऱ्या देशाला एकच लावलाय. उलट मार्चमध्ये तुम्ही लिहिता ‘हलक्या पावसाची शक्यता’, आणि माझी झोप उडते. मोहोर काळा पडतो, बारीक कैरी गळते, पुन्हा फवारणी, पुन्हा मजुरी. माझ्या कलमांना तो ‘हलका’ सगळ्यात जड. तुमचा शब्द बरोबर आणि माझंही वाचन बरोबर. चूक कोणाची म्हणणार?

पर्जन्यमापक
चूक कोणाचीच नाही, कबूल. पण परिणाम आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हलका’चा अर्थ पाण्याच्या उंचीचा, तुमच्या नुकसानीचा नव्हे.

गुहागरचा बागायतदार
मग नुकसानीचा शब्द कोण लिहिणार?

बंदरावरची
तुम्ही दोघं लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातच अडकलात. कागद *कशासाठी* काढला ते बघा की. माझं माहेर-सासर दोन्ही कोळीवाड्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, होड्या शाकारलेल्या. ऑगस्ट लागला की बर्फ, डिझेल, खलाशांची उचल, सगळं कर्जावर भरलेलं असतं. त्याच आठवड्यात ‘जाऊ नये’ आलं, तर आमचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, ते ‘जपून जा’ असं वाचतो. अडाणी आहे म्हणून नव्हे. हप्ता आहे म्हणून.
आता खरी गोष्ट. एकदा आमच्याच होडीचं नुकसान झालं. पंचनाम्याला आलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, “इशारा होता ना? मग का गेलात?” तोच कागद, तीच तीन वाक्यं. सकाळी आम्हाला वाचवायला लिहिलेली, संध्याकाळी आम्हाला नाही म्हणायला वाचलेली. शब्दाला हात लागला नाही आणि काम उलटं झालं. यात मोजमाप कुठे बसतं?

मालवणी मुलूख
वहिनीचा बरोबर. आमच्याकडे देवाक गाऱ्हाणा घालतत तेचा उदाहरण घेवा. लिवलेला काय नसता. घालणारो त्या दिसाच्या कामाप्रमाणे घालता, लगीन असो नायतर घराचो पायो. “बा देवा म्हाराजा” म्हणलो की समोरचे “होय म्हाराजा” म्हणतत. तो ‘होय’ इलो नाय तर गाऱ्हाणा अर्धाच. इशाऱ्याक ‘होय’ म्हणणारो कोण आसा?

पर्जन्यमापक
गाऱ्हाण्यात सगळे एका मांडवात असतात, एकमेकांना ओळखतात. आमचा एकच मजकूर जिल्हाधिकारी वाचतो, पर्यटक वाचतो, तांडेल वाचतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. ही रंगांची भाषा मुख्यतः प्रशासनाला हलवण्यासाठी आहे, सुट्टी मोजण्यासाठी नाही.
बाकी बंदरावरच्या ताईंच्या पंचनाम्याबद्दल मी गप्प बसतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

दिवेआगरची सुपारी
३ जून २०२० पर्यंत आमच्या आळीत ‘चक्रीवादळ’ हा बातम्यांमधला शब्द होता. त्या दिवशी ‘निसर्ग’ आलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. आता तोच शब्द दिसला की सासूबाई आधी गोठ्याकडे धावतात. मच्छीमारांना विचाराल तर ते २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ सांगतील. खात्याची व्याख्या तेव्हा होती तीच आहे. आम्ही बदललो. मास्तरांना माझं मत.

दापोलीचा मास्तर
मत मिळालं तरी थोडा मागे येतो. पर्जन्यमापकांचे आकडे वर्गात सांगितले, तेव्हा ‘दुसरीकडे’ म्हणणारा पोरगा म्हणाला, “चारातलं एक ठिकाण? मग ते आपलंच असू शकतं.” म्हणजे अर्थ नुसता किनाऱ्यावर ठरतो हे माझं म्हणणं लंगडंच होतं. मग मुलांना इशारा पुन्हा लिहायला लावला. एकीने लिहिलं : ‘आज लाट घराच्या छपराएवढी येईल. होडी उलटेल. उद्याचा बाजार बुडाला तर बुडू दे.’

पर्जन्यमापक
छपराची उपमा चालेल, चार मीटर जवळपास तेवढेच. पण ‘येईल’, ‘उलटेल’ असं आम्हाला लिहिता येत नाही. ‘शक्यता’ परत घाला.

बंदरावरची
तुम्ही शक्यता घातलीत की आमचे लोक बर्फ भरायला घेतात.