मदत हवी आहे: लेकीच्या म्युझियम ट्रिपला मी पण जातेय, काय सांगू?

मंडळी, पुढच्या आठवड्यात लेकीच्या पाचवीच्या वर्गाची ट्रिप आहे इथे अमेरिकेत सिनसिनाटीच्या अंडरग्राउंड रेलरोड फ्रीडम सेंटर म्युझियमला, आणि मी हौसेने व्हॉलंटियर म्हणून नाव दिलंय. आता टेन्शन आलंय. घरी आजींना वाटलं खरीच भुयारी रेल्वे, तिकीट किती विचारत होत्या 😀 त्यांना सांगितलं की रेल्वे नाही, भुयार पण नाही, गुलामीतून पळणाऱ्यांना लपवत पुढे पोचवणाऱ्या माणसांची साखळी, घरांना स्टेशन म्हणायचे आणि वाट दाखवणाऱ्याला कंडक्टर. समोरच ओहायो नदी, पलीकडचं केंटकी तेव्हा गुलामीचं राज्य, अलीकडे गुलामीला बंदी, आणि पळालेल्यांना पकडून परत द्यायचा १८५० चा कायदा आल्यावर इकडेही धरून न्यायची भीती वाढली म्हणून लोक पार कॅनडा गाठायचे.

इथपर्यंत जमतं मला. पण तिथे केंटकीतून उचलून आणलेली लाकडी कोठडी आहे, विकायला न्यायच्या माणसांना त्यात डांबायचे, साखळी ओवायच्या लोखंडी कड्या अजून आहेत. लेक हळवी आहे, तिथे ती रडली तर? आधीच सांगून ठेवू का? कोणी मुलांना घेऊन गेलंय का?

आणि जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना लिहिली ते तिला आत्ताच सांगावं की घरी आल्यावर?