मदत हवी आहे: जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीनंतर (पियानो, बास, ड्रम्स असे तिघे) काय ऐकू?

गेले तीन आठवडे रात्री एकच अल्बम चालू आहे, 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅन्गार्ड'. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या त्या तळघरातल्या क्लबात झालेलं ध्वनिमुद्रण. मागे पेल्यांची किणकिण, लोकांची कुजबुज. पियानोवर बिल एव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन. पण माझा कान सारखा स्कॉट लाफॅरोच्या बासकडे, म्हणजे त्या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याकडे जातो. तो नुसता ठेका धरत नाही, पियानोशी बोलतो; मध्येच त्याचं वाक्य तोडून स्वतःचं पुरं करतो. जुगलबंदी ऐकत वाढलेल्या मला हे फार जवळचं वाटलं. त्यानंतर अकराच दिवसांनी, पंचविसाव्या वर्षी, तो मोटार अपघातात गेला. हे कळल्यापासून याच अल्बममधली त्याची रचना 'जेड व्हिजन्स' ऐकताना घशाशी येतं.

त्याच दिवशी मुद्रित झालेला दुसरा अल्बम 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ऐकून झालाय. आता या त्रयीचं स्टुडिओतलं आधी कुठलं घेऊ, 'पोर्ट्रेट इन जॅझ' की 'एक्सप्लोरेशन्स'? सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'फ्री जॅझ' या अल्बममध्येही लाफॅरो आहे म्हणून तो लावला, पण दहा मिनिटांत वाट चुकले. तो कसा ऐकायचा, कुणी सांगाल का? आणि बास असाच मोकळेपणाने बोलतो अशा आणखी त्रयी सुचवा ना.