मदत हवी आहे: मुलांना गोष्टीतले संवाद लिहायला कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

कर्वेनगरला आमच्या सोसायटीत तिसरी-चौथीची आठ मुलं दर शनिवारी गोष्टी लिहायला माझ्याकडे येतात. मी शिक्षिका नाही, आवड म्हणून घेते. मागे एकाने लिहिलेला तुकडा जसाच्या तसा देते:

आई म्हणाली कुठे होतास मी म्हणालो पर्वतीवर ती म्हणाली एकटाच हो एकटाच आई काहीच बोलली नाही

त्या शेवटच्या चार शब्दांपाशी मी थांबलेच. किती छान लिहिलंय! पण चिन्ह एकही नाही. मी लाल पेनाने सगळी घातली. म्हणाली-नंतर स्वल्पविराम, बोलणं दुहेरी अवतरणात, प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत, बोलणारा बदलला की नवी ओळ. पुढच्या शनिवारी पठ्ठ्याने अख्खी गोष्ट संवादाशिवाय आणली. "चिन्हं चुकतात ना," म्हणाला. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून लाल पेन बंद. आता चित्रकथेतला फुगा वापरते: फुग्यात जाईल तेवढंच अवतरणात. शिवाय दोघांनी पात्रं वाचायची, तिसऱ्याने मधलं ‘म्हणाली, विचारलं’. जुन्या मोडी लिपीत विरामचिन्हं नव्हती, एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने ती मराठीत रुजवली, हे सांगितल्यावर मुलं मोठ्याने वाचून ‘इथे हवं, इथे हवं’ करत स्वतःच जागा शोधायला लागली.

अडलंय ते ‘की’पाशी. इंग्रजीत अप्रत्यक्ष कथनात ‘मी’चा ‘तो’ होतो. आपण मात्र सर्रास ‘तो म्हणाला की मी येतो’ म्हणतो. एका मुलीने विचारलं, "काकू, ‘मी येतो’ फुग्यात बसतं की! मग अवतरण का नाही?" ‘की’ आला तर अवतरण नको, असं तूर्त सांगितलंय, पण छापील पुस्तकांत दोन्ही एकत्रही दिसतात.

आणखी एक. पात्राच्या तोंडी ‘केले, सांगितले’ऐवजी ‘केलं, सांगितलं’ नियमाने चालतं, तरी एकीच्या शाळेच्या वहीत संवादातल्या ‘केलं’खाली रेघ आली. तिला काय सांगू?

‘की’चं तुम्ही कसं समजावता? आणि या वयात चिन्हं पहिल्याच खर्ड्यात बघावीत, की गोष्ट पुरी झाल्यावर? पर्वतीवाल्याची वही अजून माझ्याकडेच आहे, येत्या शनिवारी त्याला परत द्यायची आहे.